दोन मापट्यांचा शेर अन् संगणकाचा हातचा

लोहारा (प्रतिनिधी) : संगणकाला शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र एवढ्या भांडवलावर बेरीज होते कशी, असे विचारले की भलेभले गडबडतात. धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या ज्वारीच्या मुलखात याचे उत्तर जुन्या धान्यमापांत सापडते.

दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडिसरी आणि दोन अडिसऱ्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट. द्विमान पद्धतीतही स्थानांच्या किमती उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८, १६ अशाच वाढतात.

नेहमीच्या बेरजेत दहा झाले की हातचा येतो. येथे दोन झाले की येतो. एक आणि एक मिळून शून्य मांडायचे व हातचा एक धरायचा. हातच्यासह तीन एक आले, तर एक मांडून हातचा एक धरायचा.

समजा, घरात सात चिपटी ज्वारी आहे. म्हणजे एक शेर, एक मापटे, एक चिपटे. द्विमानात हे ०१११. त्यात तीन चिपटी, म्हणजे ००११, मिळवू. दोन चिपट्यांचे मापटे झाले; चिपट्याच्या घरात शून्य. आता मापटी तीन. त्यांतील दोहोंचा शेर, एक मापटे उरले. शेर दोन झाले, त्यांची अडिसरी. उत्तर १०१०, म्हणजेच दहा चिपटी.

संगणकातील विद्युतमंडले हेच करतात. उजवीकडचा हातचा आल्याशिवाय डावीकडचे उत्तर पक्के होत नाही. हा वेळ वाचविण्यासाठी हातचे आगाऊ काढणारी मंडले योजली जातात.

पण हातचा ठेवायला घरच उरले नाही तर? अनेक संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या प्रणालींत त्यासाठी ३२ घरे असून, सर्वांत डावीकडचे घर ऋणचिन्हासाठी राखीव असते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी उरलेली ३१ घरे एकाने भरतील. पुढच्याच सेकंदाला हातचा चिन्हाच्या घरात शिरेल आणि अशा यंत्रांना ते १९०१ सालचा डिसेंबर वाटेल. तारखेवर चालणारे व्याज, मुदती आणि नोंदी तेथे चुकू शकतात.

उपाय ६४ घरांचा आहे. ती घरे भरायला सुमारे २९,२०० कोटी वर्षे लागतील. नव्या प्रणालींत हा बदल झाला आहे. प्रश्न उरतो तो वर्षानुवर्षे न बदललेल्या जुन्या यंत्रांचा. पायली भरली की दुसरी पायली हाताशी हवी, हे आपल्या आजीला ठाऊक होते. यंत्राला ते आधीच सांगून ठेवावे लागते.