उमेदवार आणि शत्रुराष्ट्र : केमॉय व क्यूबा, १९६०

चीनच्या फूकिएन प्रांताच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही मैलांवर असलेल्या आणि फॉर्मोसापासून (तैवानपासून) शंभराहून अधिक मैल दूर पडलेल्या केमॉय व मात्सू या द्वीपांची नावे अमेरिकेतील गावोगावच्या मतदारांना ठाऊक असण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. परंतु १९६० च्या ऑक्टोबर महिन्यात त्या राष्ट्राच्या अध्यक्षपदाची निवडणूक कित्येक दिवस याच दोन नावांभोवती फिरत राहिली. एका बाजूस रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार, तत्कालीन उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन, आणि दुसऱ्या बाजूस डेमोक्रॅटिक पक्षाचे सेनेटर जॉन केनेडी, असे दोघे दूरचित्रवाणीवर चार वेळा समोरासमोर आले. त्या वादसभांविषयी आजवर जे विपुल लेखन झाले त्यातील पुष्कळसे पहिल्या सभेतील निक्सन यांच्या म्लान मुद्रेविषयी आहे. मला मात्र नंतरच्या तीन सभांचे महत्त्व अधिक वाटते. कारण शत्रुराष्ट्राशी कसे वागावे या प्रश्नावर दोन बुद्धिमान पुरुष लोकांसमक्ष जे बोलले आणि राज्यकारभाराच्या दफ्तरात जे लिहिलेले होते, त्या दोहोंमधील अंतर या सभांइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते.

१९४९ साली कम्युनिस्टांकडून पराभूत झालेले च्यांग कै-शेक यांचे चिनी सरकार फॉर्मोसाला निघून गेले, तरी किनाऱ्यालगतची ही बेटे त्यांच्या ताब्यात राहिली. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेने त्यांच्याशी संरक्षणाचा तह केला आणि पुढच्याच महिन्यात काँग्रेसने अध्यक्षांना सैन्य वापरण्याचा अधिकार देणारा ठराव संमत केला. पण या दोन्ही दस्तऐवजांत फॉर्मोसा व पेस्कादोरेस यांचा स्पष्ट उल्लेख असून केमॉय व मात्सू यांच्याविषयी हेतुपुरस्सर संदिग्धता ठेवलेली होती. शत्रूला निश्चित अंदाज येऊ नये, हा तिच्यामागील हेतू. या बेटांवरून तेव्हा उद्भवलेल्या पहिल्या पेचप्रसंगात आपल्याकडचे कृष्ण मेनन, जे पुढे दोन वर्षांनी उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले, पेकिंगला जाऊन मध्यस्थी करीत होते आणि १९५५ च्या मे महिन्याच्या अखेरीस चिनी कैदेतील चार अमेरिकन वैमानिक सुटले, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी केमॉयवर पुन्हा प्रचंड तोफमारा सुरू झाला आणि काही आठवड्यांनी त्याला एक विलक्षण शिरस्ता लाभला : एक दिवस तोफा डागायच्या आणि एक दिवस थांबायचे.

७ ऑक्टोबरच्या सभेत केनेडी यांनी सांगितले की, ही बेटे संरक्षणास योग्य नाहीत, फॉर्मोसाच्या रक्षणास ती अपरिहार्यही नाहीत, आणि अमेरिकेने आपली रेषा फॉर्मोसाच्याच भोवती स्पष्टपणे आखावी. निक्सन यांचे उत्तर असे की, प्रश्न जमिनीच्या दोन तुकड्यांचा नसून तत्त्वाचा आहे, आणि याच जातीच्या शिथिल विचारामुळे कोरियाचा अनर्थ ओढवला. श्रोत्यांच्या मनावर हे उत्तर अधिक ठसले, यात नवल नाही. पण दफ्तर काय सांगते? ज्या सरकारात निक्सन स्वतः उपाध्यक्ष होते, त्याच सरकारने एप्रिल १९५५ मध्ये अ‍ॅडमिरल रॅडफर्ड आणि वॉल्टर रॉबर्टसन यांना च्यांग यांच्याकडे धाडून या बेटांवरून सैन्य काढून घेण्याविषयी त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला होता. म्हणजे या बाबतीत केनेडींचे म्हणणे आयसेनहॉवर यांच्या खासगी मताशीच जुळणारे होते. आणि तरीही केनेडी मागे सरले. शत्रूपुढे नमणारा उमेदवार हा शिक्का त्यांना परवडणारा नव्हता. २१ ऑक्टोबरच्या चौथ्या सभेपर्यंत दोघेही विद्यमान सरकारच्या धोरणाचा आधार घेऊ लागले आणि वाद जवळजवळ विरून गेला. रशियावर हेरगिरी करणाऱ्या यू-२ विमानाच्या प्रकरणीही तेच घडले. क्रुश्चेव्ह यांच्याकडे खेद व्यक्त करून पॅरिसची शिखर परिषद वाचविता आली असती, हे केनेडींचे मे महिन्यातील उद्गार निक्सन यांनी त्यांच्यावर दोषारोपासारखे वापरले.

क्यूबाच्या बाबतीत मात्र दोघांनी भूमिकांची अदलाबदल केली. शत्रुत्वाची कठोर भाषा आता केनेडी बोलू लागले. फ्लॉरिडापासून नव्वद मैलांवर कम्युनिस्टांचे ठाणे कसे होऊ दिले, असा त्यांचा सवाल होता; आणि २० ऑक्टोबर रोजी त्यांच्या प्रचारकचेरीतून एक निवेदन प्रसृत झाले की, कॅस्ट्रोविरोधी निर्वासितांना बळ दिले पाहिजे, विद्यमान सरकारने त्यांना जवळजवळ काहीच साहाय्य केलेले नाही. हे निवेदन केनेडींचे साहाय्यक रिचर्ड गुडविन यांनी लिहिले होते आणि उमेदवार निद्राधीन असल्यामुळे त्यांना न दाखविताच ते बाहेर पडले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितले आहे.

निक्सन यांचा संताप झाला, आणि तो समजण्याजोगा होता. १७ मार्च १९६० रोजीच आयसेनहॉवर यांनी निर्वासितांना शस्त्रसज्ज करण्याच्या हेरखात्याच्या योजनेस मंजुरी दिली होती, ग्वातेमालात त्यांची शिबिरे चालू होती, आणि निक्सन त्या मसलतीचे आग्रही पुरस्कर्ते होते. परंतु गुप्ततेमुळे त्यांना यातील अक्षरही उच्चारता येत नव्हते. म्हणून चौथ्या सभेत त्यांनी नेमका उलट पक्ष मांडला : अशा हस्तक्षेपाने बोगोटा येथे १९४८ साली केलेला करार मोडेल, लॅटिन अमेरिकेतील सारे मित्र दुरावतील, संयुक्त राष्ट्रसंघ आपला निषेध करील, आणि क्रुश्चेव्ह यांना या खंडात येण्याचे उघड आमंत्रणच मिळेल. यापेक्षा ग्वातेमालात केले तसे करावे, तेथे आर्बेन्झ यांना एकाकी पाडले आणि जनतेनेच त्यांना हाकलले, असे ते म्हणाले. वास्तविक १९५४ चे ते राज्यांतर हेरखात्याने होंडुरासमधून घडवून आणले होते.

माझ्या मते त्या संपूर्ण निवडणुकीतील परराष्ट्रनीतीविषयीचा सर्वांत विवेकशील युक्तिवाद निक्सन यांचा हस्तक्षेपाविरुद्धचा हाच होता. आणि तो अशा माणसाने केला की ज्याचा त्यावर विश्वास नव्हता. मतदाराची यात जी वंचना झाली ती मला गंभीर वाटते. कठोर कोण व सौम्य कोण हे ठरविण्यासाठी त्याला पाचारण केले होते. पण ज्या कागदांवरून ते ठरायचे ते कागद त्याच्यापासून दडविलेले होते. केनेडींना त्या योजनेची कल्पना होती काय, यावरही पुढे कलह झाला. हेरखात्याचे प्रमुख अ‍ॅलन डलेस यांनी जुलैत त्यांना सर्व सांगितले होते असा आरोप निक्सन यांनी १९६२ साली आपल्या पुस्तकात केला, आणि व्हाइट हाउसने तो तत्काळ नाकारला. डलेस यांनीही नकारासच दुजोरा दिला.

८ नोव्हेंबरला सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत जेमतेम १ लाख १२ हजारांच्या आधिक्याने केनेडी निवडून आले, आणि त्या निवेदनाचे ओझे त्यांच्याबरोबर व्हाइट हाउसमध्ये आले. निर्वासितांना साहाय्य मिळत नाही अशी तक्रार ज्याने केली, त्याच अध्यक्षाने सज्ज झालेल्या निर्वासितांची पथके मोडून त्यांना घरी पाठवावे कसे? डलेस यांनी हीच अडचण त्यांच्यापुढे ठेवली : या माणसांची वासलात लावायची कशी, आणि ती जगभर बोलत सुटली तर काय? १७ एप्रिल १९६१ रोजी सुमारे चौदाशे माणसे क्यूबाच्या पिग्ज उपसागरात उतरली. तीन दिवसांत सर्व संपले. हजारांहून अधिक कैदी पुढे डिसेंबर १९६२ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरांचे अन्न व औषधे देऊन सोडवावे लागले. निक्सन यांनी सभेत जी भाकिते केली होती, त्यांतील क्रुश्चेव्हविषयीचे तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या रूपाने प्रत्यक्षात आले. २० एप्रिल १९६१ रोजी पराभूत उमेदवाराला सल्ल्यासाठी व्हाइट हाउसमध्ये बोलावले तेव्हा त्यांनी काय सांगितले? योग्य ते कायदेशीर निमित्त शोधून आत शिरावे!

फॉर्मोसाच्या बाबतीत केनेडी यांनी अखेर आपल्या मूळ मताप्रमाणेच वर्तन केले. पण उघडपणे नव्हे. १९६२ च्या वसंतात मुख्य भूमीवर स्वारी करण्याची च्यांग यांची तयारी दिसू लागली आणि चीनने फूकिएनमध्ये मोठे सैन्य जमविले. अमेरिका व चीन यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. तथापि १९५५ पासून प्रथम जिनीव्हात आणि १९५८ पासून वॉर्सात दोघांचे राजदूत भेटत असत. जून महिन्यात तेथेच जॉन कॅबट यांनी वांग पिंग-नान यांना कळविले की, अशा स्वारीस अमेरिकेचा पाठिंबा असणार नाही. या आश्वासनानंतर किनाऱ्यावरचा ताण ओसरला. केमॉयवरील दिवसाआडचा तोफमारा मात्र १ जानेवारी १९७९ पर्यंत, म्हणजे अमेरिकेने पेकिंग सरकारला मान्यता दिली त्या दिवसापर्यंत, चालू होता.