कॉर्पोरेट सुरक्षाव्यवस्थेतील संकटव्यवस्थापन व नीतिमत्ता : धारूर-केज परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेल्या किल्ले धारूर येथील महादुर्ग हा किल्ला इ.स. १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला. तट, बुरूज, खंदक आणि दरवाजा ही त्या काळातील सुरक्षेची अंगे होत. आत कोण आणि बाहेर कोण हे तटाच्या भिंतीने ठरत असे. आज याच बालाघाटच्या पठारावर ऊर्जा कंपन्यांच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या साहित्याच्या आवाराला कुंपण असते, दाराशी लोखंडी फाटक असते आणि फाटकावर गणवेशातील एक रक्षक असतो. हा रक्षक बहुधा जवळच्याच गावचा रहिवासी असतो. म्हणजे पाळी संपली की तो कुंपणाच्या बाहेरचा माणूस होतो. कॉर्पोरेट सुरक्षेतील नीतिमत्तेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

संकटव्यवस्थापनाची संकल्पना :
उद्योगाच्या अस्तित्वास, त्यातील माणसांच्या जीवितास किंवा समाजाच्या विश्वासास अचानक धोका निर्माण करणारी आणि निर्णयासाठी अत्यल्प वेळ देणारी घटना म्हणजे संकट होय. अशा घटनेपूर्वीच कोणी काय करावयाचे, कोणास कळवावयाचे आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहील हे लेखी ठरविणे म्हणजे संकटव्यवस्थापनाचे नियोजन. भारतात या नियोजनास कायद्याचे बळ मिळाले ते १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांवर आपत्कालीन आराखडा तयार करण्याचे बंधन आले. या तरतुदीतील एक बाब अभ्यासकांकडून फारशी चर्चिली जात नाही. आराखडा केवळ तयार करून भागत नव्हते, तर तो कामगारांस आणि कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या जनतेस माहीत करून देणे आवश्यक ठरविले गेले. ज्याच्यावर संकट कोसळणार त्याला त्याविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहे, हे नैतिक तत्त्व कायद्याने त्या वेळी स्वीकारले.

वायुगळतीबाबत मान्य झालेले हे तत्त्व खंडणी, धमकी व हल्ला यांसारख्या मानवनिर्मित संकटांबाबत मात्र लागू झालेले दिसत नाही. पवनचक्कीतून विषारी वायू गळत नाही, हे खरे. परंतु तिच्याभोवती जमीन, वाहतूक, कंत्राटे आणि मोठ्या रकमा यांचे जे व्यवहार निर्माण होतात, त्यांतून उद्भवणारा धोकाही कुंपणापाशी थांबत नाही.

मस्साजोगची घटना :
धारूरला लागून असलेल्या केज तालुक्यातील मस्साजोग येथे आवादा या ऊर्जा कंपनीच्या पवनऊर्जा प्रकल्पाचे आवार होते. दि. ६ डिसेंबर २०२४ रोजी काही जण तेथे आले व सुरक्षारक्षकास मारहाण झाली. रक्षकाच्या मदतीस गावचे सरपंच संतोष देशमुख धावून गेले. दि. ९ डिसेंबर रोजी त्यांचे अपहरण होऊन निर्घृण हत्या करण्यात आली. कंपनीकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागण्यात आली होती व हत्येचे मूळ त्यात आहे, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपींविरुद्ध महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये कारवाई झाली. राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती एम. एल. ताहलियानी यांची चौकशी समितीही नेमली. दोषी कोण, याचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो घटनाक्रमाचा.

दोन कोटींच्या खंडणीचा गुन्हा केज पोलीस ठाण्यात नोंदविला गेला तो दि. ११ डिसेंबर रोजी, म्हणजे हत्येनंतर दोन दिवसांनी. या विलंबावरून कोणा एकास दोष देणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. खंडणीची तक्रार करणारा अधिकारी त्याच रस्त्याने रोज ये-जा करीत असतो. पोलीस यंत्रणेविषयी स्थानिकांत विश्वास किती, हाही प्रश्न असतो. तरीही नियोजनाच्या दृष्टीने पाहता असे विचारावेच लागते की, पैशाची मागणी आल्यापासून ती पोलिसांना कळविण्यापर्यंतचा काळ कोण मोजतो? कळविण्याचा अधिकार प्रकल्पस्थळावरील अधिकाऱ्यास असतो की दूरच्या महानगरातील कार्यालयास? आणि त्या मधल्या काळात फाटकावर उभ्या असलेल्या रक्षकास आपण कशाला सामोरे जात आहोत याची कल्पना दिलेली असते काय? खंडणीची मागणी ही व्यवस्थापनाच्या दृष्टीने गोपनीय माहिती असते. रक्षकाच्या दृष्टीने तोच त्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

सरपंचाची भूमिका तर कोणत्याही आराखड्यात नसते. ते कंपनीचे नोकर नव्हते, कंत्राटदार नव्हते. गावातील एका माणसास मारहाण होत आहे म्हणून ते गेले. कंपनीच्या लेखी संकट ६ तारखेच्या मारहाणीपुरते होते असे मानले, तर गावासाठी ते त्या दिवशी सुरू झाले. मदतीस आलेल्या त्रयस्थ व्यक्तीच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची, यावर आपल्याकडील सुरक्षाविषयक लिखाण बव्हंशी मौन बाळगते.

सुरक्षारक्षकाचे स्थान :
खाजगी सुरक्षारक्षकाच्या अंगावर गणवेश असला तरी त्यास पोलिसांचे अधिकार नाहीत. सामान्य नागरिकास असलेला स्वसंरक्षणाचा हक्क आणि दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा समोर घडल्यास आरोपीस पकडून सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करण्याची मुभा, एवढीच त्याची कायदेशीर शिदोरी. खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार सुरक्षा पुरविणाऱ्या संस्थेस परवाना घ्यावा लागतो. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष क्षेत्रावरील प्रशिक्षण सांगितले होते व संकटप्रसंगीचा प्रतिसाद व आपत्ती व्यवस्थापन हा त्यातील एक विषय होता. महाराष्ट्राने तर १९८१ मध्येच खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळांची तरतूद केली. रक्षक हा श्रमिक आहे, केवळ सुरक्षेचे साधन नव्हे, ही दृष्टी त्यामागे होती. कंत्राटाच्या साखळीत ही दृष्टी टिकविणे कठीण जाते. मुख्य कंपनी, सुरक्षा अभिकरण, त्याचा स्थानिक पुरवठादार आणि शेवटी रक्षक अशी उतरंड लागली की प्रत्येक पायरीवर जबाबदारी थोडी थोडी झिरपून जाते आणि धोका मात्र पूर्णांशाने खाली पोहोचतो.

ताज हॉटेलचा अनुभव :
दि. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. ताजमहाल पॅलेस हॉटेलमध्ये कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचविताना दाखविलेल्या धैर्याची जगभर प्रशंसा झाली. सरव्यवस्थापक करमबीर सिंग कांग यांची पत्नी व दोन मुले हॉटेलमध्येच मृत्युमुखी पडली असतानाही ते इतरांच्या सुटकेच्या कामी उभे राहिले. या शौर्यकथेच्या तेजात दुसरी बाजू झाकोळते. हल्ल्यापूर्वी इशारे मिळाले होते, त्यानुसार बंदोबस्त वाढविला गेला होता व पुढे तो शिथिल झाला, असे रतन टाटा यांनीच हल्ल्यानंतर जाहीरपणे सांगितले. नियोजनातील उणीव माणसांनी आपल्या प्राणांनी भरून काढली, असे याचे वर्णन करावे लागेल. कर्मचाऱ्यांच्या त्यागाचा गौरव अवश्य व्हावा, पण त्या त्यागावर विसंबून आराखडा बेतणे अनैतिकच म्हटले पाहिजे.

ताजच्या अनुभवातील अनुकरणीय भाग हल्ल्यानंतरचा आहे. डिसेंबर २००८ मध्येच ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट स्थापन झाला आणि हॉटेलशी कोणताही संबंध नसलेल्या हल्लापीडितांसही त्यातून साहाय्य दिले गेले. जबाबदारीची सीमा हॉटेलच्या भिंतीपलीकडे नेता येते, एवढे यावरून निश्चित दिसते. मोठ्या उद्योगसमूहास जे जमते ते माळरानावरील प्रकल्पास कसे जमावे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि येथे प्रश्न निधीचा कमी आणि कोणाला आपले मानायचे याचा अधिक आहे.

गोपनीयता आणि माहितीचा हक्क :
सुरक्षा आराखडा उघड केला तर गुन्हेगारांचे फावेल, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो काही अंशी ग्राह्य आहे. रक्षकांच्या नेमणुकीच्या जागा, कॅमेऱ्यांची रचना किंवा रोख रकमेच्या वाहतुकीच्या वेळा गुप्तच राहिल्या पाहिजेत. मात्र धमकी आल्यास ती कोणी, किती तासांत व कोणत्या पोलीस अधिकाऱ्यास कळवावयाची, रक्षकाने केव्हा प्रतिकार न करता मागे सरावयाचे, ग्रामपंचायतीस केव्हा सावध करावयाचे आणि तक्रार करणाऱ्यास किती दिवस संरक्षण द्यावयाचे, या गोष्टी गुप्त ठेवल्याने कोणाचेच हित साधत नाही. मालमत्ता वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालू नये, हे वाक्य रक्षकाच्या नियुक्तिपत्रात त्याला कळेल अशा मराठीत लिहिलेले असणे हे सर्वाधिक स्वस्त आणि कदाचित सर्वाधिक दुर्लक्षित असे सुरक्षासाधन होय. अशा वाक्यामुळे रक्षक कामचुकार होतील ही भीती व्यवस्थापनास वाटते. पण एकट्या, निःशस्त्र माणसाकडून जमावास अडविण्याची अपेक्षा कागदावर ठेवल्याने जमाव अडत नाही.

सरावाबाबतही हेच. आगीच्या सूचनेची रंगीत तालीम बहुधा दिवसा, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत व छायाचित्रासह पार पडते. रात्री दोन वाजता, मोबाईलचा संपर्क क्षीण असलेल्या पठारावर, एकटा रक्षक पहिला फोन कोणाला लावतो आणि तो उचलला जातो की नाही, याची तालीम घेण्यास वेगळा खर्च येत नाही. ती घेतली तर आराखड्यातील दूरध्वनी क्रमांकांपैकी किती बदललेले आहेत, हे पहिल्याच रात्री समजेल.