बाजूचं आसन

सेवा म्हटली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आधी शेगाव आठवतं. गजानन महाराज संस्थानातले पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतात, हात जोडून वाट दाखवतात, उष्टी ताटं उचलतात आणि पाळी संपली की आपापल्या गावी शेतीभातीला लागतात. या सेवेला आम्ही इतके सरावलोय की एखादे निवृत्त मास्तर आणि त्यांची मंडळी घराला कुलूप लावून भलत्याच सेवेला निघाली, तर अख्खी गल्ली चौकशी करते. ही दुसरी सेवा विपश्यनेची, म्हणजे दहा दिवसांच्या मौन ध्यानशिबिरांची. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावला गाडीत बसायचं आणि त्याच मार्गावर, कसारा घाट उतरायच्या आधी, इगतपुरीच्या विपश्यना केंद्रासाठी उतरायचं. हल्ली तेवढंही लांब जावं लागत नाही. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळ धम्म अनाकुल केंद्र आहे.

धर्मकार्यासाठी म्हातारपणी जोडीनं घर सोडणं जगाला नवं नाही. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात निवृत्त नवरा-बायको स्वखर्चानं दीड-दोन वर्षं परदेशी सेवेला जातात. आपल्याकडे तशा जोडीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका आणि त्यांच्या पत्नी इलायचीदेवी. ‘धर्मप्रचार’ हा शब्द गोयंका गुरुजींना रुचला नसता, ही गोष्ट वेगळी.

गोयंका १९२४ साली मंडालेला जन्मले. मारवाडी घर, भरभराटीचा व्यापार, आणि सोबतीला अशी अर्धशिशी की मॉर्फिनशिवाय उतारा पडेना. त्या दुखण्यापायी १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल. दिवसा हिशेब, उरलेल्या वेळात ध्यान. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९५४मध्ये, बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला आले होते. पुढं नागपूरला १९५६ साली झालेली धम्मदीक्षा आणि इगतपुरीला उभं राहिलेलं केंद्र, दोन्हींच्या वाटेवर असं रंगून लागतं. मार्ग मात्र पुरते निराळे.

चौदा वर्षं गुरूजवळ शिकून गोयंका १९६९ साली भारतात आले. निमित्त मुंबईत आजारी असलेल्या आईचं. पहिलं शिबिर जुलैमध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत झालं; बसणारी माणसं चौदा, त्यांत त्यांचे आईवडील. इलायचीदेवी तेव्हा ब्रह्मदेशातच होत्या. सहा मुलगे, एकत्र कुटुंबाचा पसारा, आणि व्यापार आधीच सरकारजमा झालेला. प्रचारकाच्या चरित्रात अशा मागे राहिलेल्या बाईला एखादी ओळ मिळते. खरं तर घर सांभाळणारं कुणी नसतं तर ते शिबिर झालंच नसतं. पुढं त्या भारतात आल्या आणि साधकांच्या ‘माताजी’ झाल्या.

इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ साली सुरू झालं आणि १९७९मध्ये दोघं पहिल्यांदा पश्चिमेकडे गेले, फ्रान्सला आणि कॅनडाला. तिथून पुढं या जोडप्याचं आयुष्य म्हणजे एक वेळापत्रकच होऊन बसलं. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून साधना, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. सातला प्रवचन. साडेनऊला दिवे बंद. दहा दिवस हेच, आणि शिबिर संपलं की दुसऱ्या गावी पुन्हा पहिल्या दिवसापासून. देश बदलला, भाषा बदलली, तरी घंटा चारचीच. परदेश पाहायला जाणाऱ्या माणसाच्या हाती यातून काय लागतं? ध्यानाची खोली आणि उशा.

गुरुजींच्या प्रवचनांच्या इंग्रजी चित्रफिती पाहाव्यात. गुरुजी रंगात येऊन गोष्टी सांगताहेत, समोरचे हसताहेत, आणि शेजारच्या आसनावर माताजी बसलेल्या आहेत. बोलत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खटकलं होतं. अजूनही थोडं खटकतं. पण हजारो बायका परक्या जागी, नवऱ्या-मुलांपासून दूर, दहा दिवस तोंड मिटून राहायला तयार झाल्या, त्यात त्या आसनाचा वाटा प्रवचनाइतकाच असावा, असं माझं मत होत गेलं आहे.

२००२ साली गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात हे दोघं चार महिने अमेरिका आणि कॅनडा फिरले, तेही चाकांवरच्या घरातून. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. मोटारघरातच झोपायचं, तिथंच शाकाहारी स्वयंपाक, गाव आलं की सभा, सभा झाली की पुढचा रस्ता. आपल्याकडे या वयाची माणसं अमेरिकेला जातात ती बहुधा नातवंडं सांभाळायला. २००९ साली गोराईच्या जागतिक पॅगोड्याचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. आत एकही खांब नाही आणि आठेक हजार माणसं बसतात. २०१२ला पद्मभूषण मिळालं, २०१३च्या सप्टेंबरमध्ये गुरुजी गेले, २०१६च्या जानेवारीत माताजी.

पण गुरुजी गेले म्हणून एकही शिबिर थांबलं नाही. सूचना आणि प्रवचनं त्यांनी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती आणि १९८०च्या दशकापासून सहायक आचार्य नेमले होते. आज दोनशेच्या वर केंद्रांत तोच आवाज वाजतो. समोर बसणारे सहायक आचार्य अनेकदा निवृत्त जोडपी असतात. यंत्र सुरू करायचं, आपण डोळे मिटून बसायचं, दुपारी बारा ते एक साधकांच्या शंका ऐकायच्या. मानधन नाही, दक्षिणा नाही. म्हणजे गुरुजींची जागा आवाजानं घेतली, आणि मागून आलेल्या सगळ्या जोडप्यांच्या वाट्याला माताजींचं काम आलं!

आमच्या भागातून जाणारी जोडपी बहुतेक धम्मसेवक म्हणून जातात. स्वयंपाकघर, घंटा, झाडझूड, एखाद्या साधकाला रडू फुटलं तर त्याला आचार्यांपर्यंत नेणं. तिथला नियम असा की पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, आणि तो सेवकांनाही लागू. चाळीस वर्षं एका छपराखाली काढलेले नवरा-बायको एकाच आवारात दहा दिवस वेगळे राहतात. रोज तीनदा एकाच सभागृहात बसतात, तो उजवीकडे तर ती डावीकडे. ओळखीच्या एका काकूंना विचारलं, जड जातं का? म्हणाल्या, “घरी तरी कुठं बोलतात हे? इथं निदान नियम आहे म्हणून.”

टीकाही आहे. आमच्या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे आणि त्यातले पुष्कळजण विचारतात की बाबासाहेबांनी धम्म दिला तो समाज बदलायला; डोळे मिटून बसल्यानं गावातला भेद कसा हटेल? प्रश्न रास्त आहे, आणि ‘सध्या श्वास पाहा’ हे त्याचं उत्तर होत नाही. सरकारी नोकरांना शिबिरासाठी रजा मिळते, पण शेतमजुराच्या दहा दिवसांच्या मजुरीचं काय, हेही कुणी बोलत नाही. शिबिर फुकट असतं; दहा दिवस मात्र फुकट नसतात. म्हणूनच सेवेला पेन्शनवाली जोडपीच जास्त दिसतात, आणि तीही पेरणी-सोंगणीचे दिवस टाळून.

बायकांच्या बाजूला बायकाच लागतात, आणि नातवंडं सोडून दहा दिवस निघू शकणाऱ्या आज्या थोड्या. त्यामुळे सेवेसाठी फोन येतो तेव्हा काका उत्साहानं तारखा सांगू लागतात आणि पलीकडून आधी विचारणा होते, “काकू येताहेत ना?”