नागपूरचा ०७१२ संगणकात ४५८ कसा होतो?

नागपूरच्या लँडलाइनचा एसटीडी कोड ०७१२. टर्मिनलच्या, म्हणजे फक्त अक्षरं दिसणाऱ्या पडद्यावर चालणाऱ्या एखाद्या छोट्या सी प्रोग्रॅममध्ये हा कोड टाईप करून एंटर दाबलं, तर कधी कधी समोर ४५८ येतं. टायपिंग बरोबर असतं आणि संगणकही बिघडलेला नसतो.

मग घोळ कुठे होतो? आपण टाईप करतो ती संगणकासाठी नुसती अक्षरांची रांग असते: शून्य, सात, एक, दोन. त्यातून आकडा काढायचा की मजकूर, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. सी भाषेत हे काम ‘स्कॅनएफ’ हे फंक्शन करतं. त्याला टक्क्याच्या चिन्हाला लागून एक अक्षर लिहून सूचना द्यावी लागते. ‘डी’ लिहिलं तर आपला नेहमीचा दशमान आकडा, ‘एस’ लिहिलं तर मजकूर. ‘आय’ लिहिलं, तर मात्र स्कॅनएफ स्वतःच पद्धत ठरवतं. सुरुवातीला शून्य दिसलं, की ते आकडा अष्टमान पद्धतीतला धरतं. मग सातला ६४ने गुणायचं, एकला आठने, आणि दोन मिळवायचे. ४४८, ८ आणि २ मिळून झाले ४५८.

भंडाऱ्याची गत याहून वाईट. तिथला कोड ०७१८४, आणि अष्टमानात आठ हा अंकच नाही. त्यामुळे स्कॅनएफ ०७१ वाचून थांबतं, ५७ हातात ठेवतं आणि ८४ तसेच रांगेत राहतात. पुढे प्रोग्रॅम फोन नंबर विचारतो, तेव्हा काही टाईप करण्याआधीच तो हे ८४ उचलून मोकळा होतो. चुकीची सूचना कुठेच येत नाही. किती गोष्टी वाचल्या हे स्कॅनएफ सांगतं खरं, पण इथे ‘एक वाचली’ हे त्याचं उत्तर बरोबरच असतं.

‘आय’ऐवजी ‘डी’ लिहिलं, की ७१२ मिळतात. शून्य गेलंच. एक्सेलच्या रकान्यातही हेच होतं. मुळात नागपूरच्या कोडमध्ये वर्ध्याचा कोड कुणी मिळवत नाही. तो दिसतो आकड्यासारखा, पण आहे नावासारखा. म्हणून सगळी ओळ ‘एफगेट्स’ने मजकूर म्हणून घ्यावी, एकेक अक्षर अंकच आहे ना हे तपासावं आणि ती तशीच साठवावी.

आणि कुणी इथे छापलेत तसे देवनागरी अंक टाईप केले तर? स्कॅनएफ त्यांना अंक मानतच नाही. पायथॉनचं ‘इंट’ मात्र ते ओळखतं आणि ७१२ देतं. पुढचं शून्य तिथेही गळतंच.