खोडवा यंत्राला कोण शिकवणार?

मशिन लर्निंगचा आढावा घेणारे लेख 2013 च्या वर्ड टू व्हेकपासून निघतात आणि 2017 च्या ट्रान्सफॉर्मरवरून आजच्या महाकाय प्रारूपांवर येतात. तो प्रवास वाचकांना पाठ आहे, त्यावर पुन्हा शाई खर्चत नाही. या गलबल्यात मागे पडली ती ऑन्टॉलॉजी: एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची आपसांतली नाती माणसाने मांडून यंत्राच्या हाती देण्याचे काम. मराठीला हे काम टाळून चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

याचा पुरावा आयआयटी मुंबईत आहे. तिथे पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हिंदी वर्डनेट आणि मग त्याच्या आधाराने मराठी शब्दबंध उभा केला. पुढे त्यातून 18 भारतीय भाषांना एकत्र गुंफणारे इंडोवर्डनेट आकाराला आले. एका अर्थाचे सगळे शब्द एका संचात, आणि तोच संच दुसऱ्या भाषेतल्या संचाशी जोडलेला, अशी ही रचना. तिचे मोल 2009 मध्ये दिसले. मितेश खापरा, भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एकाच विषयक्षेत्रात कोणता अर्थ किती वेळा येतो याचे प्रमाण भाषा बदलली तरी फारसे बदलत नाही. म्हणून एका भाषेत यंत्र जे शिकले, ते या जोडणीवरून दुसऱ्या भाषेत नेता येते, आणि त्या दुसऱ्या भाषेत अर्थांच्या खुणा केलेला मजकूर मुळीच नसला तरी चालते. त्यांची अचूकता सुमारे 75 टक्के आली. ज्या भाषेकडे साधने थोडी, तिच्यासाठी याहून मोलाचा निष्कर्ष मला ठाऊक नाही. अमरकोश ज्या परंपरेत वर्गवार रचला गेला आणि शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तिला हे काम परके वाटू नये.

यावर काही मंडळी म्हणतात, भरपूर मजकूर द्या, नाती यंत्र आपोआप शोधेल. इंग्रजीत ते बरेचसे खरे आहे. मराठीत मजकूर कुठला आहे ते पाहावे. पुण्याच्या एल थ्री क्यूब गटाचा 2022 मधला महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा संग्रह म्हणजे मोठेच काम आहे, पण त्यातला मोठा वाटा बातम्यांचा. ऊसच घ्या. बातम्यांतला ऊस म्हणजे एफआरपी (रास्त व किफायतशीर दर), दराचे आंदोलन, गाळप हंगाम. कोल्हापूरजवळच्या उचगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू हे लागणीचे हंगाम. को 86032 हा वाण. आणि खोडवा यांपैकी काहीच नव्हे. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले ते पीक. त्याला बेणे लागत नाही, म्हणून बेणेप्रक्रियेचा सल्ला तिथे फुकट. तिथे बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि पाचट न जाळता सरीत ठेवायचे. हे नाते मांडलेले नसेल तर यंत्र खोडव्याला चौथा हंगाम समजून अस्खलित मराठीत चुकीचा सल्ला देईल. हाताने नाती मांडायला वर्षे लागतात, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पण एकदा नोंदलेले नाते तपासता येते, चुकले तर तेवढेच दुरुस्त करता येते. प्रारूपाच्या पोटात चूक कुठे बसली आहे, ते हुडकणे फार कठीण.

शब्दबंधातही उणीव आहे. हिंदीतल्या संकल्पना घेऊन तो वाढवला, त्यामुळे केवळ मराठी मुलखात जगणाऱ्या संकल्पना मुद्दाम कोणी भरल्याशिवाय आत येत नाहीत. ती भर घालणारे हात आज कमी झाले आहेत. या कामाला कारकुनी समजतात आणि हुशार मुले प्रारूपांकडे वळतात, याचे मला दुःख आहे. दोन्हींची सांगड घालायला हवी: प्रारूपाने नाती सुचवावीत, जाणत्याने ती तपासावीत. शिवाजी विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखान्यांचे शेतकी विभाग यांनी मिळून निदान उसापुरते तरी असे मराठी संकल्पनाजाल बांधायला घ्यावे आणि ते सर्वांना खुले ठेवावे.