लोक काय म्हणतील, की पवित्र शास्त्र काय सांगते?



धानाचे पैसे हाती आले की गोंदिया जिल्ह्यातील घराघरांत लग्नाची बोलणी सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही घरात येतो : लोक काय म्हणतील? बँड कोणता, पंगत किती जणांची, मुलीला काय द्यायचे, या साऱ्याचा निर्णय सोयरे आणि शेजारी यांच्याकडे पाहून होतो. प्रसंगी कर्ज काढले जाते. आपली ख्रिस्ती घरेही याला अपवाद नाहीत. विवाहविधीत शुभवर्तमान वाचले जाते; परंतु विवाह ठरवताना ते कोणी उघडत नाही, ही खंत एक धर्मगुरू या नात्याने मला वाटत आली आहे.

आपल्या भागात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. रविवारच्या मिस्सासाठी कित्येकांना दुरून यावे लागते. मग उरलेल्या सहा दिवसांत मार्गदर्शन कोणाचे? बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, आणि आता मोबाईलवर येणाऱ्या प्रवचनांचे, ज्यांचा वक्ता कोण हेही आपल्याला ठाऊक नसते.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने परूश्यांना याच मुद्द्यावर अडवले आहे. आईवडिलांसाठी खर्च करावयाचे धन 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे, असे म्हटले की मुलगा जबाबदारीतून मोकळा, अशी सोय रूढीने करून दिली होती. प्रभूने त्यांना आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेची आठवण दिली. लक्षात घ्यावे की ती रूढी अधर्मी माणसांची नव्हती, देवभक्तांची होती.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी अत्यंत प्रामाणिकपणे झुंजलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). आसामात सिलचर येथे राहत असताना घरातील पुस्तकांत त्यांना संत लूकलिखित शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पतिनिधनानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. पुढे तेथील भगिनी व महागुरू यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळात त्रैक्याच्या धर्मसत्याविषयी त्यांनी घेतलेल्या शंका आपण कॅथॉलिक मान्य करू शकत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु त्यांची शास्त्राविषयीची तळमळ पाहून मान लवते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. हे वाक्य आपल्यापैकी जन्माने ख्रिस्ती असलेल्यांना अधिक लागू पडते! उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. केडगावच्या मुक्ति मिशनमधील स्त्रियांच्या हातून ते छापले गेले आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ साली, ग्रंथरूपाने पूर्ण झाले.

मग प्रत्येकाने आपापला अर्थ लावावा काय? नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील कूशी अधिकारी यशया वाचत होता. पण अर्थ उलगडण्यासाठी त्याला फिलिप लागला. ख्रिस्तसभा आपल्यासाठी तो फिलिप आहे. तथापि फिलिप रथात चढला तेव्हा त्या गृहस्थाच्या हाती ग्रंथ उघडा होता, हे आपण विसरतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई वर्बुम' या दस्तऐवजात सांगितले की ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, आणि पवित्र शास्त्र सर्व भाविकांना सहज उपलब्ध असावे. बिरुयाचे लोक तर साक्षात संत पौलाचे बोलणे रोज शास्त्राशी पडताळून पाहत, आणि संत लूक त्यांची प्रशंसाच करतो. तेव्हा माझ्या प्रवचनाचीही अशी पडताळणी झाली तर मला राग येता कामा नये.

पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी सामान्यकाळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून जाहीर केला. त्या दिवशी बायबलची मिरवणूक निघते, पुष्पहार घातले जातात आणि सोमवारी ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. तसे होऊ नये म्हणून एक सूचना करतो. मराठी असो वा हिंदी, घरात ज्या भाषेत प्रार्थना होते त्या भाषेतील बायबल घ्यावे. रमाबाईंनी जेथून आरंभ केला त्या संत लूकपासूनच आरंभ करावा. अध्याय चोवीस आहेत. रोज एक वाचावा, अडेल तेथे खूण करावी आणि रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

चौदाव्या दिवशी चौदावा अध्याय येईल. मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांना बोलवावे की ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना, याविषयी प्रभू तेथे बोलतो. ज्या घरी यंदा लग्न आहे, त्यांनी आमंत्रितांची यादी करण्याआधी तो सर्वांदेखत मोठ्याने वाचावा.