जात्यावरची ओवी आणि परदेशातलं अनुदान

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. म्हणाले, "ताई, संस्कृती जपायला परदेशात पैसा नुसता पडून आहे. तुमच्या ओव्यांचा प्रस्ताव करू. पैसे आमच्या संस्थेच्या खात्यात येतील, मग तुमचा वाटा तुम्हाला. फक्त फाइलचे पाच हजार आधी भरा."

आम्ही भरले! भिशीतून काढून भरले. खोटं कशाला सांगू?

आमच्या गावात एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे. शेकडो ओव्या तोंडपाठ. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, भावाची वाट बघणारी बहीण, सगळं त्यांच्या ओव्यांत होतं. आम्ही ठरवलं, अनुदान आलं की चांगलं रेकॉर्डिंग यंत्र घेऊ आणि आजींना बसवू. आठ महिने वाट पाहिली. अनुदान आलं नाही, गृहस्थांचा फोन बंद झाला, आणि भर श्रावणात आजी गेल्या. त्यांच्या नातीने सहज म्हणून मोबाइलवर घेतलेल्या सतरा ओव्या तेवढ्या आमच्याकडे आहेत.

ती रुखरुख मनातून जाईना, म्हणून मी या विषयाच्या मागेच लागले. परदेशी पैशातून ओव्या जपता येतात का? येतात. आपल्या महाराष्ट्रातच ते घडलं आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ, या दोघांनी 1980च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ते खेड्यांतल्या कष्टकरी बायांबरोबर काम करत होते. बाया आपलं सुखदुःख सभेत बोलत नाहीत, जात्यापाशी बोलतात, हे त्यांनी ओळखलं. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या उतरवून घेतल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या! बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही त्यात आहेत. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक आले. त्यांनी संगणकावर ओव्यांची नोंद बसवली आणि शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं.

या कामाला युनेस्को, नेदरलँड्सचं विकास सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधली चार्ल्स लिओपोल्ड मेयर फाउंडेशन यांची मदत मिळाली. पॉइतवाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. पण काम थांबलं नाही. 2017पासून या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर येऊ लागल्या. गाणारणीचं नाव, गाव, आवाज, सगळ्यासकट.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. आधी माणसं जात्यापाशी बसली, वहीत ओव्या उतरल्या. पैसा कामाच्या मागून आला. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. पैसा येईल, मग काम करू!

आता कायद्याचं बोलू. परदेशातून देणगी घ्यायची तर परकीय देणगी नियमन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि तिने मागच्या तीन वर्षांत आपल्या कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. नव्या संस्थेला एखाद्या ठरावीक देणगीसाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण त्यालाही देणाऱ्याचं लेखी वचनपत्र लागतं. 2020 साली कायदा आणखी कडक झाला. देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांहून जास्त वापरता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एका संस्थेने ती देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आहे.

म्हणजे "आमच्या खात्यात येईल, मग तुम्हाला देऊ" हे वाक्यच बेकायदेशीर होतं. ते आम्हाला आधी ठाऊक असतं, तर पाच हजार वाचले असते. पैशाचं जाऊ द्या, आठ महिने वाचले असते.

आणखी एक गैरसमज. युनेस्कोच्या यादीत नाव आलं की पैशाचा पाऊस पडतो, असं आपल्याला वाटतं. 2025 साली शिवरायांच्या आणि मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रात, तर जिंजी तामिळनाडूत. पण हा मान आहे, अनुदान नव्हे. किल्ले राखायची जबाबदारी आपलीच राहते. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी जपानकडून पैसा आला खरा, पण ते कर्ज होतं. कर्ज आणि अनुदान यातला फरक बचत गटातल्या बाईला मी काय सांगणार!

मग आपण करायचं काय? आमच्या मंडळाने आता एक साधी वही घातली आहे. ओवी, गाणारणीचं नाव, गाव, वय, ओवी कोणाकडून शिकली आणि तारीख, एवढंच लिहायचं. सोबत मोबाइलवर आवाज घ्यायचा, तो दोन ठिकाणी साठवायचा. गाणारणीला आधी विचारायचं, "आजी, हे दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल ना?" ती नाही म्हणाली तर तिथेच थांबायचं. ओवी तिची आहे. यात खर्च आला तो वहीचा आणि चहाचा. उद्या खरंच कोणाकडे मदत मागायची वेळ आली, तर दाखवायला हे काम हातात असेल.

आत्तापर्यंत एकशे बारा ओव्या झाल्या. पहिल्या पानावर त्या सतरा आहेत, आजींच्या नावाने.

तुमच्या घरातही कोणीतरी असेल. सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू. येत्या रविवारी स्वयंपाक थोडा उशिरा झाला तरी चालेल. त्यांच्यापाशी जाऊन बसा.